रुखवतातली आई

माणसाला कसला नाद लागेल ते सांगता येत नाही. माझ्या ऑफिसातले माझ्या बरोबरीचे लोक त्या काळात शेअरबाजाराच्या मागे लागले होते, जेवणाच्या सुट्टीत पेपर पुढ्यात घेऊन माना डोलवायचे. मी करंगळीएवढी माणसं रंगवत बसायचो. दोन्ही नाद सारखेच रिकामटेकडे. फक्त माझ्यात कुणी बुडत नव्हतं.

सुरुवात आबिड्सच्या फुटपाथवर झाली. रविवारी तिथे जुनी पुस्तकं मांडून बसतात. तिथे मला कव्हर फाटलेलं एक परदेशी मासिक मिळालं. आत टेबलावर मांडलेल्या सैनिकांचे फोटो. मला आधी ती खरी माणसंच वाटली. मग एका फोटोत बाजूला आगपेटीची काडी दिसली आणि मी चाटच पडलो. सैनिक काडीहून थोडासाच उंच, आणि त्याच्या कोटाची बटणं चमकताहेत, गालावर थंडीची लाली आहे! मी तिथेच उभा राहून अख्खं मासिक वाचलं. शेवटी दुकानदार म्हणाला, "लेना है तो लो मियाँ, नक्को तो रख दो." घेतलं.

तेव्हा बाहेरच्या वस्तू दुकानांत नुकत्याच उघडपणे मिळायला लागल्या होत्या. त्याआधी फॉरेनचं काही हवं असलं तर कुणाचा तरी मेव्हणा दुबईला असावा लागायचा. आता हिमायतनगरच्या एका खेळण्यांच्या दुकानात विमानांच्या मॉडेलसाठी रंगांच्या डब्या आल्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या. सैनिक मात्र कुठेच मिळेनात. मग मीच घडवायला लागलो. तारेचा सांगाडा करायचा, त्यावर नळाच्या गळतीला लावतात ती लुकण मळून चढवायची. तासाभरात ती दगडासारखी होते, तेवढ्यात नाक-डोळे काढून घ्यायचे. मग गाड्या रंगवणाऱ्याकडून आणलेल्या करड्या अस्तराचा एक हात, आणि तो वाळला की रंग, पातळ करून, एकावर एक. डोळ्याला घड्याळजीचं भिंग. ब्रशचे केस कापून कापून चारच ठेवलेले.

बाबा म्हणायचे, "काय करायलास रे? घोडा झाला तरी बाहुल्या खेळायलास."

बाबा काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. आम्ही मूळचे मराठवाड्यातले, पण आजोबा निजामाच्या काळातच शेती भावांवर सोपवून इकडे, त्याच्या राजधानीत आले. गौलीगुड्यात दोन खोल्या, मागे मोरी, आतल्या खोलीत लोखंडी कपाट आणि पुढे माझं टेबल. घरात आम्ही तिघं होतो. बाबा, मी आणि माझ्यापेक्षा बरीच लहान बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि बहीण पाळण्यात होती. तिला आईचं काहीच आठवत नाही.

आणि आम्ही दोघांनी तिला कधी काही सांगितलंही नाही. आमच्या घरात आईचा विषय काढायची पद्धतच नव्हती. कुणी बंदी घातली होती असं नाही. पण एकदा लहानपणी मी काहीतरी बोलून गेलो, "आई असं करायची," आणि बाबा ताटावरून उठले. त्या दिवसापासून जी तोंडं मिटली ती मिटली. आईचा एकच फोटो होता, लग्नातला, काळापांढरा. तो भिंतीवर नव्हता, ट्रंकेत होता. लोकांच्या घरी गेलेल्या माणसाचा फोटो दारासमोर लावतात, हार घालतात, आमच्याकडे तेवढंही नाही. मला राग यायचा. पण कुणावर काढणार?

बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, कॉम्प्युटरमधला, लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत अमेरिकेला जाणार होता. तेव्हा तसली स्थळं म्हणजे काय थाट! पुण्याच्या विहीणबाई पहिल्या बैठकीत म्हणाल्या, "तुमच्या मराठीत उर्दू फार येतं हो." बहीण पटकन म्हणाली, "हौ ना." आणि जीभ चावली. विहीणबाई हसत सुटल्या. बाई मनाच्या चांगल्या होत्या, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मग रुखवताचा विषय निघाला. आमची आत्या सुलतान बाजारातून क्रोशाचे रुमाल नि मोत्याचे कलश घेऊन आली. म्हणाली, पुण्यात आता तयार रुखवत मिळतं म्हणे, पैसे टाकले की झालं. आत्या गेल्यावर बहीण माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"दादा, तू रुखवत कर."

"मी? मी काय कलश करू?"

"लग्न कर. आपलं लग्न. तुझ्या या माणसांचं. अख्खं वऱ्हाड टेबलावर मांडू."

मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं माझ्या बाहुल्यांकडे ढुंकूनही न बघणारं घर, आणि आता त्या चारचौघांत मांडायच्या! मी भराभर बोलायला लागलो, भटजी कसा करू, सनईवाला कसा करू. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "कन्यादानाला बाबांच्या शेजारी आई बसव."

खऱ्या लग्नात कन्यादानाला काका-काकू बसणार होते. बाबा एकटे, म्हणून त्यांनी बसायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. बाबांनी ते आधीच मान्य करून टाकलं होतं. एकुलत्या एक लेकीचं कन्यादान दुसऱ्यांनी करायचं आणि यांनी बाजूला उभं राहायचं.

"मी तिला पाहिलीच नाही ना," बहीण म्हणाली. "जाताना तेवढी तरी घेऊन जाईन."

झालं. मी कामाला लागलो. भटजी झाला, पोटाला लुकण जरा जास्तच लागली. काका झाले, आत्या झाली. आत्याचं नाक मी मुद्दाम थोडं मोठं केलं. नवरानवरी झाली. बाबा झाले, कोट, टोपी, गुडघ्यावर हात, हुबेहूब. आईचा आकारही झाला. फोटो होता, आणि हातांना आठवत होतं. पण ती करड्या अस्तरातच राहिली. रंग कुठले द्यायचे? फोटो काळापांढरा. मला आठवायची ती तिची पाठ, मोरीशी वाकलेली, आणि एक हिरवटसं काहीतरी. साडी होती की आणखी काही, देव जाणे. सगळं वऱ्हाड रंगून तयार झालं आणि मधे ही एकटी करडी बसलेली. बघवत नव्हतं.

एका संध्याकाळी मी वैतागून तिला हिरवी साडी द्यायला घेतली. मागून आवाज आला, "हिरवी नाही."

बाबा मागे उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"आमसुली होती. काठ पिवळे."

आता हा माणूस सगळ्या रंगांना लाल नाहीतर काळा म्हणणारा. बाजारातून निळा दोरा आणायला सांगितला तर जांभळा आणायचा. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. वाटलं, वळलो तर हे निघून जातील. मी मुकाट्यानं आमसुली कालवायला लागलो. "एवढी गडद नाही," बाबा म्हणाले. "धुऊन धुऊन विटलेली."

मग चेहरा आला. मी एकेक थेंब मिसळून बशीच्या कडेला लावायचो आणि थांबायचो. बाबा म्हणायचे, "नाही." आणखी एक थेंब. "नाही. चहात दूध जरा कमी पडलं की होतो, तसा." मी पुन्हा कालवलं. "नाही. नाही." आणि मग एकदम खांद्यावर हात पडला. "थांब. हाच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि भिंगावर वाफ जमली. एवढी वर्षं हा माणूस तो रंग आत घेऊन बसला होता आणि आम्हाला वाटत होतं, विसरला.

हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका त्यांनीच सांगितला. मला आठवणारं हिरवं ते होतं. आणि कुंकू मी मधोमध टेकवलं तर म्हणाले, "उजवीकडे सरकव. जुन्या घरात आरसा उंच होता, तिचा हात पोचायचा नाही. न बघताच लावायची. रोज वाकडं." मी चेहऱ्याच्याच रंगाचा थेंब देऊन कुंकू झाकलं आणि पुन्हा वाकडं लावलं.

त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी खुर्ची ओढून टेबलाशी बसायला लागले. मी इतर माणसांचं किरकोळ काम करत असायचो, ते तिच्याकडे बघत बसायचे. बोलायचे काही नाही. एकदा मात्र मी मोरीतून हात धुऊन आलो तर ते तिला सांगत होते की शेवग्याच्या शेंगा फार महाग झाल्यात. मी पुन्हा मोरीत गेलो आणि उगाच नळ सोडून उभा राहिलो. बहीण दारात होती. तिनंही ऐकलं होतं.

रुखवतावर मांडलं ते मुलीबरोबर जातं. ते मागे ठेवायचं नसतं, निम्मं काढून घ्यायचं नसतं. ते तिच्या घरचं झालं. आणि बहिणीनं तर ते त्यासाठीच मागितलं होतं. आई एकच, आणि हिलाही हवी, त्यांनाही हवी. मी बहिणीला बाजूला घेऊन म्हटलं, "लग्न झालं की मी बाबांसाठी दुसरी करीन." ती म्हणाली, "दुसरी आई कशी करशील, दादा?" आणि भाजी निवडायला बसली. पुढे कुणीच काही बोललं नाही. आमच्या घरची पद्धत.

लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्या माणसांना शेवटचा वॉर्निश द्यायचा होता. फॉरेनची डबी नेमकी आईपाशी येऊन संपली. मग हार्डवेअरच्या दुकानातलं साधं फर्निचरचं वॉर्निश लावलं. ते चिकट असतं, वाळायला आठवडा घेतं, उन्हाळ्यात तर वाळलेलंही पुन्हा मऊ पडतं. मी सगळ्यांना बजावून सांगितलं की तिला हात लावू नका, तशीच बसू द्या. थर्माकोलच्या खाचा करून एकेका माणसाची जागा तयार केली, अंगाला काही लागणार नाही अशी.

काचीगुड्याच्या मंगल कार्यालयात रुखवत मांडलं तेव्हा नुसती झुंबड उडाली. बायका ओळखायला लागल्या, हा भटजी बघा, ही आत्या बघा. आत्या म्हणाली, "मेल्या, माझं नाक एवढं आहे का?" पुण्याकडची एक बाई वाकून म्हणाली, "सगळं सुरेख आहे हो, पण या एकीचं कुंकू वाकडं झालंय. नजरचूक झाली वाटतं." माझं डोकंच फिरलं. मी काहीतरी तिखट बोलणार, एवढ्यात आत्या पुढे सरकली, बघितलं, आणि तोंडावर पदर घेतला.

"अगं बाई, वहिनी!"

तिकडे मांडवात काका-काकूंनी कन्यादान केलं. बाबा पाण्याच्या पिंपाशी उभे होते. तिथून त्यांना रुखवताचं टेबल दिसत होतं. मी बघितलं, ते मांडवाकडे बघतच नव्हते. टेबलावरच्या कन्यादानाकडे बघत होते, जिथे ते स्वतः बसले होते आणि शेजारी ती होती.

जेवणं आटोपली, आणि मग सगळी घाई सुरू झाली. पुण्याहून आलेल्या वऱ्हाडाच्या बसचा ड्रायव्हर अडून बसला की अंधारापूर्वी निघायचं. मी त्याच्याशी हुज्जत घालायला गेलो. रुखवत बहिणीनं आणि तिच्या मैत्रिणींनी टीव्हीच्या खोक्यात भरलं. नवरानवरी घरच्या देवाला नमस्कार करायला गौलीगुड्यात आली. बहीण आतल्या खोलीत गेली, थोड्या वेळानं डोळे पुसत बाहेर आली. त्यात नवल काय, मुली रडतातच. मग बाबा जावयाची शाल आणायला आत गेले. त्यांनाही बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा शाल हातात होती आणि कोटाचा खिसा फुगलेला होता.

बस निघताना बाबा वर चढले. मला वाटलं, लेकीला शेवटचं भेटायला. ती खिडकीशी बसून बाहेर आमच्याकडे बघत होती. बाबा पुढच्या सीटवर विहीणबाईंशी वाकून काहीतरी बोलले आणि उतरले. बस गेली. घरी परतताना ऑटोत ते म्हणाले, "दिलेलं परत घेऊ नये रे."

मी म्हटलं, "कोण परत घेतंय?"

त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. रागावले नव्हते. उलट मी काहीतरी चांगलंच करायला गेलो होतो आणि त्यांनी ते समजून घेतलं, असं काहीसं तोंडावर होतं. मला कळलं नाही. दमलो होतो, मी खोलात गेलो नाही.

पुढच्या महिन्यात मी दुसरी आई करायला घेतली. अस्तरापर्यंत आणली. बाबांना हाक मारली, "या ना, रंग बघा." ते खुर्चीवरून उठले नाहीत. "नक्को रे," म्हणाले. "झाली की एकदा. ती लेकीबरोबर गेली, चांगलं झालं. तिकडं परक्या मुलखात लेकराला कुणीतरी पाहिजे." मी आग्रह केला नाही. ती करडी मूर्ती कुठेतरी हरवली.

बहीण अमेरिकेला गेली. फोन यायचा, शेजाऱ्यांकडे. धावत जायचं, ओरडून बोलायचं. जेवलात का, थंडी आहे का, तब्येत कशी. लाइन कटायची. पुढे घरी फोन आला, पुढे फोन स्वस्त झाले, तरी आमचं बोलणं तेवढंच राहिलं. जेवलात का, थंडी आहे का. माझं लग्न झालं. शहर पलीकडच्या टोकाला वाढत गेलं, पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं तिकडे राहायला आली, त्यांच्या तोंडी आमचं "हौ" बसायला लागलं. बाबा म्हातारे झाले. संध्याकाळी खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी मात्र यायचे, मी कुणाला रंगवतोय ते बघायचे. एकदा म्हणाले, "तिकडं काचेच्या कपाटात ठेवली असेल का रे?" मी म्हटलं, "असेल." मला काय माहीत? मी विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. पण बहिणीला ते विचारायचं म्हणजे आईचा विषय काढायचा.

बाबा गेले. आजारी असे नव्हतेच, दोन दिवस पडून होते. बहीण दिवसांना पोचली. सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, ती आतल्या खोलीत जाऊन लोखंडी कपाट उघडून उभी राहिली. शर्टांच्या घड्या उचलून खाली ठेवायला लागली. मग खालचा कप्पा. मग पुन्हा वरचा.

"काय शोधायलीस?"

"दादा, आई कुठाय?"

मला कळेना. "तुझ्याकडे आहे ना?"

ती वळली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. "मी इथे ठेवून गेले होते. देवाला नमस्कार करायला आले तेव्हा. बाबांच्या शर्टांमागे. बाबा तिच्याशी बोलायचे, मग मी कशी नेणार? मी तर तिला ओळखतही नव्हते रे."

ती शाल, तो फुगलेला खिसा. दिलेलं परत घेऊ नये रे. म्हणजे बाबांना कपाटात आई मिळाली आणि वाटलं, मीच त्यांच्यासाठी चोरून काढून ठेवलीय. लेकीला दिलेली वस्तू पोरानं बापासाठी मागे ठेवली, हे त्यांना चाललं नाही. त्यांनी ती बसमध्ये पोचवली. आणि त्या दिवसापासून ते समजत होते, ती लेकीजवळ आहे. ही समजत होती, ती बापाजवळ आहे. इतकी वर्षं, इतके फोन, जेवलात का, थंडी आहे का! दोघांपैकी एकानं एकदा नुसतं "आई" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला आमच्या त्या मिटल्या तोंडांचा इतका संताप आला की मी कपाटावर मूठ आपटली. पत्रा आजही तिथे आत गेलेला आहे.

विहीणबाईंना फोन केला. म्हाताऱ्या झालेल्या, पण आठवण पक्की. "हो, तुमच्या वडिलांनी बसमध्ये माझ्या हातात दिली. रुमालात बांधून. म्हणाले, ही राहिली, खोक्यात ठेवा. मी वरतीच ठेवली बाई, तशीच्या तशी."

"मग तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"खोकं तिचंच होतं ना. मला वाटलं, उघडलं असेल तिनं."

बहीण म्हणाली, "मी कधीच उघडलं नाही. आईशिवाय ते लग्न मांडायचं कुणासाठी?"

तिचं परतीचं विमान मुंबईहून होतं, वाटेत ती पुण्याला सासरी थांबणार होती. मी सोबत गेलो. विहीणबाईंच्या माळ्यावरून खोकं काढलं. दोरी निघाली, वरच ती पुरचुंडी होती, बाबांचा पांढरा रुमाल, त्यावर पार्सल ऑफिसातली त्यांची गाठ. जन्मभर पार्सलं बांधलेला माणूस. घट्ट, आडवी-उभी, हलू नये, मोडू नये, लेकीपर्यंत नीट पोचावी म्हणून. बहिणीला ती सुटेना, मी नखानं सोडवली.

रुमाल चेहऱ्याला चिकटला होता. ते चिकट वॉर्निश, ओलंच असताना बांधलेलं, वर माळ्यावरचे इतके उन्हाळे. मी जपून सोडवायला गेलो तर रंगाचा पापुद्रा रुमालाबरोबर आला. साडी राहिली, आमसुली, हातही राहिले. चेहऱ्याच्या जागी करडं अस्तर. आणि रुमालावर एक चहाच्या रंगाचा डाग, त्यात लाल ठिपका, जरासा वाकडा.

बहीण रडली नाही. तिनं तो रुमाल पंज्यावर पसरून धरला, खूप वेळ. "अशी दिसायची?" तिनं विचारलं.

"हौ," मी म्हटलं.

जाताना तिनं रुमाल नेला. मूर्ती माझ्याकडे दिली. "दादा, रंगव ना पुन्हा. मग पाठव."

मूर्ती आता माझ्या टेबलावर आहे. परवा संध्याकाळी मी बशी घेतली, रंग कालवायला बसलो. आता फॉरेनचे रंग हवे तेवढे मिळतात, घरपोच. एक थेंब मिसळला, बशीच्या कडेला लावला आणि थांबलो. आणखी एक थेंब. पुन्हा थांबलो. चहात दूध जरा कमी, पण जरा म्हणजे किती? मागे खुर्ची होती. मी एकेक रंग लावत गेलो, अख्खी बशी भरली, आणि मागून कुणी "थांब" म्हणालं नाही.